स्वस्त सहलीचे मोल

२४ एप्रिल १९३२, रविवार. मँचेस्टर परिसरातील सुमारे ४०० जण, बहुतेक तरुण कामगार, किंडर स्काउटच्या पठाराकडे निघाले. जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या त्या डोंगरावर सामान्यांना मज्जाव होता. रखवालदारांशी झटापट झाली. पुढे पाच जणांना तुरुंगवास घडला. त्यांचा नेता बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. १९५१ मध्ये हा डोंगराळ प्रदेश, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला.

गेल्या रविवारी मी मँचेस्टरहून रेल्वेने ईडेलला उतरून, पोळीभाजीचा डबा पाठीशी बांधून ते पठार चढले. प्रवेशशुल्क नाही, हटकणारे कोणी नाही. खर्च केवळ तिकिटाचा. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्यांना परवडते ती ही सहल. परंतु ती फुकट नाही. तिचे मोल कोणीतरी आधीच चुकते केले आहे.