कितव्या पानावर आहेस?

प्रिय ताई,

परवा फोनवर तू अहिराणीत म्हणालीस, ‘काय पोऱ्या शे हाऊ! माले त्याना राग येस.’ ‘कोसला’ कादंबरीतल्या पांडुरंग सांगवीकरबद्दल बोलत होतीस. मी विचारलं, का गं? तर तुझा आवाज लगेच खाली आला. म्हणालीस, जाऊ दे, अजून निम्मंही झालं नाही, पूर्ण वाचल्यावर सांगेन. आणि मी काय सांगणार, शिकलेली तू आहेस.

तुझ्या या दोन वाक्यांसाठी हे पत्र. उघडं लिहिते आहे, कारण उधन्याला, लिंबायतला, सुरतेच्या त्या सगळ्या भागात आपल्याकडून गेलेल्या कितीतरी बाया आहेत. दुपारी घर आवरलं की त्या काहीतरी वाचत असतील आणि कोणी विचारलं तर हेच म्हणत असतील. इथे शिंदखेड्यातही म्हणतातच.

आधी पहिलं वाक्य घेते. कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुला कोणी सांगितलं? मला तर वाटतं, कादंबरीबद्दल सगळ्यात खरं बोलणं मधेच होतं. शेवट कळला की माणूस शहाणा होतो. आधी आलेला राग, धरलेला पक्ष, कंटाळा, हे सगळं तो शेवटाच्या हिशेबाने नीट लावून घेतो. मग मलपृष्ठावर छापलेली दोन वाक्यं आठवतात, कुठे ऐकलेलं भाषण आठवतं, आणि तोंडातून येतं ते ‘छान आहे’. आमच्या शाळेत मी रोज हे ऐकते. पुस्तक परत येतं, मी विचारते कसं वाटलं, उत्तर येतं छान. पण तेच पुस्तक वाचणारं पोर मधल्या सुट्टीत दुसऱ्या पोराशी बोलताना ऐकावं. तिथे ते भांडत असतं. अमक्याने असं करायला नको होतं, आता तो मरणार बघ, नाही मरणार. जिवंत मत तिथे असतं.

मराठी कादंबरीबद्दल मधेच बोलण्याची ही सवय जुनीच आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यात क्रमशः छापली. पुस्तक निघालं १८९३ मध्ये. म्हणजे पहिल्या वाचकांनी नायिका यमूची गोष्ट हप्त्याहप्त्याने वाचली. पुढच्या अंकापर्यंत हातात निम्मी गोष्ट आणि डोक्यात स्वतःचं मत, एवढंच. सगळं वाचून झाल्यावर बोलू, असं त्यांना म्हणताच येत नव्हतं. ज्या घरांत त्या गोष्टीतल्यासारख्या मुली प्रत्यक्ष होत्या, तिथे त्या दोन अंकांच्या मधल्या दिवसांत काय काय बोललं गेलं असेल, याचा मी फार विचार करते. पुस्तकाबद्दल लिहिलेलं पुष्कळ उरलं, ते बोलणं उरलं नाही.

त्याच्याही आधी, १७४७-४८ मध्ये, इंग्लंडात रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ खंडाखंडाने बाहेर पडत होती. शेवटचे खंड यायच्या आत वाचक लेखकाला पत्रं पाठवून विनवत होते की नायिकेला मारू नका, तिचं भलं होऊ द्या. लेखकाने ऐकलं नाही, पण उत्तरं लिहिली. त्या वाचकांत बायका होत्या, आणि ‘आधी पूर्ण वाचा मग बोला’ असं म्हणून त्याने त्यांना गप्प बसवलं नाही.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? तू सुरतेहून येतेस ती गाडी दोंडाईचा सोडून शिंदखेड्याला थांबते आणि नरडाणा, बेटावद करत अमळनेरला जाते. त्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची मांडणी आठव. श्याम रोज रात्री एक गोष्ट सांगतो, आणि नव्या रात्रीची गोष्ट सुरू व्हायच्या आधी ऐकणारी मित्रमंडळी आपसात बोलत असतात. कालच्या गोष्टीबद्दल, आज काय सांगेल याबद्दल. आपण लहानपणी तेवढा भाग गाळून थेट आईवर यायचो. आता शिकवताना मी तिथे थांबते. गुरुजींनी पुस्तकातच वाचकांसाठी जागा ठेवली आहे, आणि तीही गोष्ट चालू असताना.

आता तुझ्या पांडुरंगाकडे येते. ‘कोसला’चे लेखक नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पुढे २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं आणि आपल्याकडे ते अभिमानाचा विषय झाले. ते योग्यच आहे, मलाही अभिमान वाटतो. पण या अभिमानाने आपल्या भागातल्या वाचकांचं एक नुकसान केलं. आपला माणूस, एवढा मोठा मान, मग त्याच्या नायकाचा राग येतो असं म्हणायचं कसं? २०१० मध्ये ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ आली, तेव्हा तो जाडजूड ग्रंथ घेतलेली माझ्या ओळखीची माणसं आहेत. काहींनी मध्येच ठेवून दिला. विचारलं तर विषय बदलतात. खरं तर कुठे आणि का ठेवला, हे त्यांनी सांगायला हवं. ज्या पानावर वाचक थांबला, ते पान त्या पुस्तकाबद्दल आणि वाचकाबद्दल काहीतरी सांगत असतं. अर्धवट सोडण्यात लाज कसली?

तुझा राग तर फार मोलाचा आहे. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा पुण्याला शिकायला जातो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र. पैसा घरून येतो. तू ते वाचताना बापाच्या बाजूला जाऊन बसलीस, हो ना? कॉलेजात असताना मी आणि माझ्या मैत्रिणींनी वाचली तेव्हा आमच्यापैकी कोणालाही बाप दिसला नव्हता. आम्हाला पांडुरंगच दिसत होता, त्याचं बोलणं, त्याचं एकटेपण. तू दहावीनंतर लग्न होऊन गेलीस. दाजींच्या लूमवरच्या पगारातून दोन पोरांची फी भरलीस. मनिऑर्डर कुठून निघते ते तुला माहीत आहे, म्हणून त्या पानांवर तुला जे दिसलं ते मला दिसलं नाही. याला मत म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पुढे राग राहील की जाईल, ते मी सांगणार नाही. मला माहीत आहे पुढे काय आहे, आणि तू अजून तिथे पोचलेली नाहीस, म्हणून या पत्रात मी तुझ्या पानाच्या पुढे एक ओळही गेलेली नाही. वाचणाऱ्या दोघींमध्ये एवढा नियम हवा. आधी विचारायचं कितव्या पानावर आहेस, मग बोलायचं. पण राग गेला तर गेला म्हणून कळव, आणि राहिला तर राहिला म्हणून. आज असं म्हणालीस आणि उद्या तसं, याला चूक म्हणत नाहीत. कादंबरी माणसाला हलवत असेल तर मत बदलणारच.

आणि तुझं ते दुसरं वाक्य. मी शिकलेली आणि तू नाही. ताई, याने मला खरंच वाईट वाटलं. मराठीची एम. ए. केली म्हणून मला कादंबरी कशी बांधतात हे थोडं सांगता येतं. पण कादंबरी लिहिली जाते ती माणसांबद्दल, आणि माणसं तू माझ्याहून जास्त पाहिली आहेस. मागच्या दिवाळीत मी तुला उद्धव शेळक्यांची ‘धग’ दिली होती. १९६० ची कादंबरी, भाषा वऱ्हाडी. तू ती घेऊन ओट्यावर बसलीस आणि पहिल्या काही पानांतच म्हणालीस, ही कौतिक घर चालवते आणि घर मात्र नवऱ्याचं म्हणतात. एम. ए.ला ‘धग’वर आम्ही पानंच्या पानं लिहिली. ग्रामीण, प्रादेशिक, वास्तववाद, सगळं लिहिलं. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. कौतिक नाव आपल्याकडेही आहे, वऱ्हाडी तुला अहिराणीच्या शेजारची वाटली, आणि तू त्या बाईच्या घरात गेलीस. समीक्षकालाही आधी तिथेच जावं लागतं. काही जण जात नाहीत.

मला एक करावंसं वाटतं आहे. गावोगावच्या वाचनालयांसाठी १९६७ सालापासून राज्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे वाचनालयांचे वर्ग आहेत, अनुदान आहे, देवघेवीची नोंद आहे. पुस्तक कोणी कधी नेलं आणि कधी परत केलं, हे त्या नोंदीत सापडतं. वाचताना त्या माणसाला काय वाटलं, याची नोंद कुठेच नाही. म्हणून वर्गात मी एक जाड वही ठेवली आहे. नियम इतकाच की पान क्रमांक लिहायचा आणि त्या पानापर्यंतचं मत लिहायचं. ‘छान’ हा शब्द चालणार नाही. पोरं लिहू लागली आहेत. एकीने लिहिलं, इथपर्यंत मला कोणीच आवडलं नाही, तरी वाचते आहे. दुसऱ्याने तिच्याखाली लिहिलं, मलाही, पण म्हाताऱ्यासाठी थांब. तो म्हातारा कोण ते त्याने लिहिलं नाही, शहाणा पोरगा. अशी वही गावातल्या वाचनालयात, देवघेवीच्या टेबलावर ठेवावी असं माझ्या मनात आहे. घरातल्या बाया पुस्तक न्यायला स्वतः कमी येतात, पोरांना पाठवतात. तर वहीचं पान पोरांबरोबर घरी जाऊ दे. अहिराणीत लिहिलं तर अहिराणीत. मराठी शुद्ध नाही म्हणून कोणाचं मत अडू नये.

माझं चाललं आहे ते सांगते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ पुन्हा काढली आहे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, कोरडवाहू शेती, कर्ज. आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही कापसाच्या वावरात उभं राहून वाचावी अशी. स्टाफरूममध्ये सगळे एकनाथच्या बाजूचे आहेत. मी या वेळी निम्म्यावर आले आहे आणि माझं मन त्याच्या बायकोकडे, अलकाकडे जातं आहे. ती गावात रमत नाही, घर सुटावं असं तिला वाटतं, म्हणून आमच्याकडे तिला नावं ठेवतात. मला ती स्वार्थी वाटत नाही. जे शेत नवऱ्यालाच पोसत नाही त्याच्यावर तिने जीव का टाकावा, असं मला आज, या पानावर वाटतं आहे. स्टाफरूममधल्या एका सरांनी मला सांगितलं की पूर्ण वाचा, मत बदलेल. बदलेलही. एकनाथवर अन्याय होतो आहे हेही मला दिसतं, आणि दोन्ही एकदम दिसल्यामुळे वाचन जड झालं आहे.

श्रावणात कानबाईच्या रोटांना तू येशीलच, तेव्हा ‘बारोमास’ तुझ्या पिशवीत घालून देईन. पण तोवर मला थांबवत नाही. शेतकऱ्याच्या घरातून उठून तू परक्या राज्यात, यंत्रांच्या आवाजात संसार मांडलास. तिकडे जायचं तुझ्या मनात होतं की जावं लागलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. अलकाबद्दल आत्ता एवढंच ऐकून तुला काय वाटतं ते लिही. आणि ‘कोसला’चं पान कळव.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी
शिंदखेडा