पगाराच्या वहीत एक रकाना

बोईसरला तारापूर एम.आय.डी.सी.त आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. माणसं आठ, पगाराची वही माझ्याकडे. २० च्या आत माणसं असली की भविष्यनिर्वाह निधीची सक्ती नसते. मग म्हातारपणाचं काय? लेथवरच्या कामगाराची बायको एकदा म्हणाली, "वहिनी, ह्यांच्या पगारातले पाचशे तुम्हीच कापून ठेवा. हातात आले की उरत नाहीत."

पण पगार त्याचा, तेव्हा संमतीही त्याचीच हवी. तो कबूल झाला. तसं लिहून घेतलं आणि पोस्टात त्याच्याच नावाने पीपीएफ खातं उघडलं. वहीत क्रम असा: एकूण पगार, कर लागत असल्यास तो, मग बचत, शेवटी हाती पडणारी रक्कम. नव्या करपद्धतीत या बचतीला सूट नाही. व्याज मात्र करमुक्त आहे. १५ वर्षांत नुसती मुद्दलच ९०,००० होते.

कापलेला पैसा आमच्या गल्ल्यात राहत नाही, बरं का! पासबुक त्याच्याच घरी असतं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही अशी वही असेल, तर हा रकाना आखून बघा. म्हातारपण काही माणसं मोजून येत नाही.