कायमच्या दांताची घाई

दुधाचा दांत पडला म्हणजे घरांत कौतुक होतें. सातव्या-आठव्या वर्षीं आलेला समोरचा दांत गेला म्हणजे मात्र सारें घर हबकतें. तो पुन्हां येणारा नसतो.

माझी भाची अकरा वर्षांची असतां जिन्यावरून पडली आणि तिचा वरचा, अगदीं समोरचा दांत मुळासकट निखळला. असा दांत मुळाला हात न लावतां, दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून, तत्काळ जागच्या जागीं बसवावा. तें न साधल्यास दुधांत बुडवून लगोलग दंतवैद्याकडे न्यावा. (दुधाचा दांत मात्र पुन्हां बसवीत नाहींत.) तिचा दांत कोरड्या रुमालांत राहिला आणि दवाखाना गांठेपर्यंत संध्याकाळ झाली. तो वांचला नाहीं.

"खर्च होऊं दे, पण एकदांच काय तें कायमचें करून टाकूं," असें मेव्हण्यांचें म्हणणें. हाडांत टायटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दांत बसवितात, तें इम्प्लांट त्यांच्या मनांत होतें. एका दवाखान्यानें तयारीहि दाखविली. दुसऱ्या एका वृद्ध दंतवैद्यांनीं मात्र साफ नकार दिला.

स्वीडनमध्यें ब्रोनेमार्क यांनीं १९६५ सालीं पहिल्या रुग्णाला असे खिळे बसविले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून बसतें, हा त्यांतला गुण. मुलांच्या बाबतींत तोच दोष ठरतो. आपला स्वतःचा दांत हाडाला चिकटलेला नसून सूक्ष्म तंतूंनीं टांगलेला असतो. वाढत्या वयांत वरचा जबडा खालीं व पुढें येतो, तसे दांतहि सरकत येतात. खिळा मात्र जागचा हलत नाहीं. पुण्याच्या जुन्या पेठांत रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि न हललेला उंबरठा खालीं गेलेला दिसतो, त्यांतलाच हा प्रकार. फक्त इथें शेजारचे दांत खालीं येतात आणि बसविलेला वर आखूड राहतो. वाढ मुलींत साधारण सतरा-अठरापर्यंत, मुलांत वीस-एकवीसपर्यंत चालते. कांहींची त्याहूनहि पुढें. म्हणून जन्मतारखेवर न विसंबतां उंची मोजतात आणि चेहऱ्याचीं क्ष-किरण चित्रें कांहीं महिन्यांच्या अंतरानें काढून ताडून पाहतात.

"मग मोठी झाल्यावरच बघूं, आतां कशाला खर्च?" हा आजींचा निकाल. तोहि मला मेव्हण्यांच्या घाईइतकाच अमान्य होता. मोकळ्या जागेंत शेजारचे दांत कलूं लागतात. शिवाय मुलगी तोंडावर हात धरून बोलूं लागली होती. पाठांतराच्या स्पर्धेतून तिनें नांव काढून घेतलें. ज्या सोयीला आपण 'तात्पुरती' म्हणतों, तिच्यावर मुलीचीं शाळेचीं सारीं वर्षें जाणार असतात.

ओस्लो येथें १९७० नंतरच्या दशकांत एक सुंदर मार्ग रूढ झाला: दाटीमुळें काढावयाची उपदाढ समोरच्या जागीं लावावयाची. ती जिवंत असल्यामुळें जबड्याबरोबर वाढते. पण भाचीचे दांत सुटसुटीत, काढण्याजोगी उपदाढच नव्हती! दोन्ही शेजारचे दांत तासून पूल बसविणें डॉक्टरांना पसंत नव्हतें; कोवळ्या दांतांत नाजूक गर मोठा असतो, त्याला इजा होते. म्हणून आधीं एका दांताची कवळी केली. जबडा वाढला तशी ती दोनदां नवी करावी लागली, आणि एकदां मैत्रिणीकडे भेळ खातांना ती हातांत आली. तेराव्या वर्षीं शेजारच्या एकाच दांताच्या पाठीमागें पातळ पंख चिकटवून त्यावर दांत बसविला. तो कधीं निसटला तर पुन्हां चिकटवितां येतो. दुसऱ्याच महिन्यांत ती पाठांतराला उभी राहिली.

आतां ती पंधरा वर्षांची आहे. तिच्या वयाच्या मुली उंची वाढावी म्हणून दांडीला लोंबकळतात. ही दर पाडव्याला दाराच्या चौकटीवर खूण करते आणि खूण वर सरकली कीं हिरमुसते. यंदा ती अर्धा इंच वाढली.