पाऊण फेरा

गेल्या रविवारीं सकाळीं आठाच्या सुमारास कोणी परिचित गृहस्थ कोल्हापुरांतील आमच्या घरीं आले असते, तर अंगणांतील देखावा पाहून ते फाटकांतूनच परतले असते. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकवीत आलेला एक ५६ वर्षांचा प्राध्यापक गोणपाटावर उताणा पडला आहे. चष्मा कपाळावर सरकला आहे. उजवा हात कोपरापर्यंत एका मोटारसायकलच्या पोटांत शिरला आहे. आणि शेजारीं उकिडवा बसलेला त्याचा २७ वर्षांचा मुलगा मोबाईलचा दिवा धरून त्याला उपदेश करीत आहे, असा तो देखावा होता. एरवीं आमच्या घरांत उपदेशाचा ओघ उलट दिशेनें वाहत असतो. त्या दिवशीं तो फिरला. आणि तो कां फिरला हें सांगण्यासाठींच मीं आज लेखणी हातीं घेतली आहे.

मोटारसायकल माझी नव्हे, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. ती मुलाची. चार वर्षांपूर्वीं पहिल्या नोकरीच्या शिलकेंतून त्यानें ती जुनी विकत घेतली. चार सिलिंडरांचें जपानी यंत्र. स्वार तिच्यावर बसत नाहीं, टाकीवर छाती टेकून जवळजवळ पालथा पडतो. मीं त्या खरेदीला कसून विरोध केला. खरी गोष्ट एवढीच होती कीं मला भीति वाटत होती. परंतु भीति वाटते असें बापानें कबूल करावयाचें नसतें, अशी त्या वेळीं माझी समजूत होती. म्हणून मीं त्या भीतीला काटकसर, पेट्रोलचे भाव, शेजाऱ्यांची झोंप अशीं नाना प्रकारचीं वस्त्रें नेसविलीं. परिणाम असा झाला कीं पुढें दोन महिने आम्हां दोघांचें संभाषण त्याच्या आईमार्फत चालत असे.

दोन वर्षांपूर्वीं त्याला परदेशांत नोकरी मिळाली. निघतांना त्यानें गाडीची किल्ली माझ्याच हातांत ठेविली. “बाबा, महिन्यांतून एकदां चांगली गरम होईपर्यंत चालू ठेवा, आणि वर्षांतून एकदां तेल बदला,” एवढेंच तो म्हणाला. ज्या वस्तूचा मी शत्रु, तीच त्यानें माझ्या स्वाधीन करावी, ह्यांतील औदार्य मला समजलें. तेव्हां गाडी उद्यमनगरांतील एखाद्या मेस्त्रीकडे न नेतां तेल आपणच बदलावें असा मीं निश्चय केला, आणि गेल्या वर्षीं तो तडीसही नेला. किती तडीस नेला, तें ह्या रविवारीं कळलें.

ज्या वाचकांचा अशा यंत्राशीं दुरूनच संबंध येतो त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. इंजिनांतील तेलाचें काम केवळ घर्षण कमी करण्याचें नाहीं. धातूच्या झिजेचे सूक्ष्म कण, जळालेल्या इंधनाची काजळी हें सारें तें आपल्याबरोबर वाहून नेतें. आणि बहुतेक मोटारसायकलींत गिअर आणि क्लच ह्यांनाही हेंच तेल पुरवावें लागतें. हा मळ अडविण्यासाठीं वाटेंत एक फिल्टर बसविलेला असतो. दिसावयास तो मुठीएवढा पत्र्याचा डबा. आंत चुण्या घातलेल्या कागदाची गुंडाळी. तेल डब्याच्या तोंडावरील कडेच्या लहान छिद्रांतून आंत शिरतें, कागदांतून गाळलें जातें, आणि मधल्या मोठ्या छिद्रांतून बाहेर पडतें. अगदीं आरंभींच्या मोटारींना ही सोय नव्हती. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड ह्यानें ती शोधून काढली आणि तिला ‘प्युरोलेटर’ असें नांव पडलें. ‘प्युअर ऑइल लेटर’ ह्या तीन शब्दांचा तो संधि आहे हें कळलें, तेव्हां भाषेचा शिक्षक ह्या नात्यानें मला मोठी मौज वाटली.

ह्या व्यवस्थेंत आणखी एक युक्ति असते, आणि मला तर तीच सर्वांत आवडली. मळ सांचून कागद पार तुंबला तर तेल अडून इंजिन कोरडें पडावयाचें. तसें होऊं नये म्हणून एक लहानशी झडप ठेवलेली असते. दाब वाढला कीं ती उघडते आणि न गाळलेलें तेल तसेंच पुढें जाऊं देते. कारण मळकट तेल वाईट खरें, पण मुळींच तेल नसणें त्याहून वाईट. हें मीं वाचलें तेव्हां मला आमचे ते दोन अबोल महिने आठवले. त्या वेळीं आम्ही खुशाल भांडत राहिलों असतों, तर फार बरें झालें असतें.

आतां हा डबा असतो कोठें? १९६९ सालीं होंडानें सी. बी. ७५० ही गाडी बाजारांत आणली. तिचे चार सिलिंडर एका ओळींत आडवे मांडलेले होते. त्यांच्या धुराच्या चार नळ्या समोरून वळसा घेऊन खालीं उतरत, आणि तेलाचा फिल्टर त्या नळ्यांच्या मागें, इंजिनाच्या तोंडाशीं असे. शर्यतीच्या धाटणीच्या कित्येक गाड्यांत पुढें अशाच धर्तीची मांडणी आली. त्यांत भर म्हणून, वाऱ्याला अडथळा होऊं नये यासाठीं, सारें इंजिन प्लास्टिकच्या आवरणानें झांकलेलें. आमची गाडी ह्याच कुळींतली. एकेक स्क्रू काढून तें आवरण उतरवावें, तेव्हां कोठें नळ्यांच्या फटींतून तो डबा दिसतो. गजांआडचा कैदी जसा नातेवाइकांना दिसतो, तसा तो दिसतो, भेटत नाहीं.

मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. सोमवारीं मित्रांबरोबर आंबा घाटांत जाण्याचा त्याचा बेत होता. त्यापूर्वीं तेल बदलावयाचें. आम्हीं इंजिन पांच मिनिटें चालवून तेल पातळ केलें, नळ्या निवेपर्यंत चहा घेतला, बुडाचा बोल्ट काढला आणि काळेंभोर तेल परातींत ओतूं दिलें. येथवर सारें सुरळीत झालें. मग फिल्टरची पाळी आली आणि गाडें अडलें. व्यायामशाळेंत कमावलेला मुलाचा हात नळ्यांमधून आंत जाईना. माझा जन्म खडू धरण्यांत गेलेला; माझा हात गेला. पण डबा हलेना. पट्ट्याचा पाना लावला. पट्टा डब्याभोंवतीं बसला, परंतु दांडा दोन बोटें फिरला कीं नळीवर आपटे, आणि तेलकट पत्र्यावरून पट्टा घसरे. टोपीसारखा वरून बसणारा पाना घेतला, तर तो फटींतून आंतच शिरेना. डब्यांतून आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकून त्याचाच दांडा करावा, असा एक रांगडा उपाय आहे; पण पत्रा फाटला आणि बूड तेवढें इंजिनाला चिकटून राहिलें म्हणजे दुखणें वाढतें. धुराच्या नळ्याच उतरविणें हा राजमार्ग; परंतु त्यांचे नट गंजलेले, त्यांतला एखादा बोल्ट मोडला कीं आठवडा गेला. मुलाच्या रजेचे नऊच दिवस उरले होते.

“नवल आहे,” मुलगा म्हणाला, “हातानें लावलेला फिल्टर इतका घट्ट बसत नाहीं.”

मी गप्प राहिलों. गेल्या वर्षीं फोनवर त्यानें मला पुनःपुन्हा बजावलें होतें कीं नवा फिल्टर पान्यानें आवळूं नका. नव्या डब्यावरही तेंच छापलेलें होतें: रबरी कडें इंजिनाला टेकल्यावर हातानें पाऊण फेरा द्यावा. मीं पाऊण फेरा दिलाही. मग मनांत आलें, हा सुटला तर? तेल गळेल, मागच्या चाकाखालीं येईल, वळणावर चाक निसटेल. आणि त्यापुढचें चित्र मला पाहवेना. त्या सबंध वर्षांत गाडी कोणी रस्त्यावर नेणारच नव्हतें, हें मला सुचलें नाहीं. मीं पट्ट्याचा पाना घेतला आणि आणखी थोडें, आणखी थोडें, असें करीत दांतओठ खाऊन तो डबा आवळला. लावण्यापूर्वीं रबरी कड्याला तेलाचें बोट फिरवावयाचें असतें, तेंही त्या धांदलींत राहून गेलें होतें. कोरडें रबर, त्यावर माझी सारी ताकद, आणि महिन्यामागून महिना मिळालेली इंजिनाची ऊब! तें धातूला चिकटून बसलें, ह्यांत त्याचा काय दोष?

“मीं तो पान्यानें आवळला होता,” मी गाडीखालूनच म्हणालों. तोंड दिसत नसलें म्हणजे कबुलीजबाब देणें सोपें जातें.

“ठाऊक आहे, बाबा,” तो शांतपणें म्हणाला. “डब्यावर पट्ट्याचे जुने ओरखडे आहेत. मघांशीं पाना लावण्याआधींच पाहिले मीं.”

“मग बोलला कां नाहींस?”

“तुम्ही बोलतां का, तें पाहत होतों.” मग जरा थांबून म्हणाला, “लहानपणीं माझ्या सायकलचे नटही तुम्ही असेच आवळत होतां. पंक्चरवाले काका तुमच्या नांवानें खडे फोडायचे.”

आम्ही दोघेही हंसलों. त्या हंसण्यानें डबा सैल झाला नाहीं. पण काम करण्याची रीत बदलली. तोंपर्यंत मी आंत धडपडत होतों आणि तो बाहेरून सूचना करीत होता. आतां चार हात एका कामाला लागले. मुलानें पेट्रोलच्या फडक्यानें डब्याचें पुसतां येईल तेवढें अंग कोरडें केलें. त्याभोंवतीं मीं पॉलिश पेपरची एक पट्टी खरखरीत बाजू आंत करून गुंडाळली आणि ती धरून ठेवली. तिच्यावरून त्यानें पाना चढविला. दोन बोटांएवढी ओढ, मग पट्टा सोडून पुन्हां मागें घ्यावयाचा, पुन्हां दोन बोटें. तिसऱ्या ओढीपर्यंत कांहींच झालें नाहीं. चौथ्या ओढीला चिकट, करकरीत असा एक आवाज झाला आणि डबा केंसभर सरकला. त्यानंतर तो माझ्या बोटांनींच सुटला, आणि त्यांत उरलेलें तेल माझ्या मनगटावरून थेट बगलेंत उतरलें. माझा एक चांगला सदरा त्या दिवशीं कामास आला.

जुनें रबरी कडें डब्याबरोबर निघालें आहे ना, हें मुलानें दिवा धरून पाहिलें. तें इंजिनाला चिकटून राहिलें आणि त्यावरच नवें बसविलें, तर जोड टिकत नाहीं व तेल जोरानें बाहेर फेंकलें जातें. मग नवा फिल्टर त्यानें माझ्या हातांत दिला. मीं कड्याला तेलाचें बोट फिरविलें, खिशांतील खडूनें डब्यावर एक रेघ ओढली, आणि आटे जुळवून तो फिरवूं लागलों. कडें टेकलें. तेथून पाव, अर्धा, पाऊण. रेघ ठरल्या जागीं आली.

“बस,” मुलगा म्हणाला.

माझ्या मनगटाला आणखी एक पाव फेरा हवा होता. पाना हाताशींच पडला होता. त्या क्षणीं मला जें उमगलें तें फार मोठें नव्हे. गळती थांबते ती माझ्या जोरानें नव्हे, रबर नीट दबल्यानें. आणि तें दबावयास पाऊण फेरा पुरतो. त्यापुढें मीं लावलेली सारी ताकद तेलासाठीं नव्हतीच, ती माझ्या भीतीसाठीं होती. आणि भीतीचे आटे कधीं संपत नाहींत. मीं हात बाहेर काढला.

नवें तेल ओतून गाडी चालू केली. तेलाचा तांबडा दिवा क्षणभर राहिला आणि विझला. मी पुन्हां गोणपाटावर आडवा झालों आणि पांच मिनिटें त्या डब्याकडे पाहत राहिलों. एक थेंबही आला नाहीं. “झालें का समाधान?” असें मुलानें विचारलें. झालें होतें, तरी जेवणानंतर मीं आणखी एकदां जाऊन पाहिलें, हें येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

सोमवारीं पहाटे तो निघाला. पूर्वीं तो कोठेंही निघाला कीं “हळू जा” हा माझा मंत्र तीनदां होत असे: एकदां घरांत, एकदां अंगणांत आणि एकदां गाडी कोपऱ्यावर वळल्यावर, जेथें तो त्याला ऐकूंही जात नसे. त्या दिवशीं मीं तो अंगणांत एकदांच म्हटला. सौभाग्यवतीनें माझ्याकडे वळून पाहिलें. “अहो, आज एकदांच?” ती म्हणाली. मी कांहीं बोललों नाहीं. फाटकाशीं पोंचून मुलानें हात वर केला. तोही पूर्वीं करीत नसे.

तो संध्याकाळीं सुखरूप परतला. माझा स्वभाव पालटला, असा माझा दावा नाहीं. दिवसभर माझें लक्ष घड्याळाकडे होतें. आतां तो पुन्हां परदेशीं गेला आहे, आणि किल्ली माझ्याजवळ आहे. पट्ट्याचा पाना मीं पुसून पडवींतील खिळ्याला अडकविला आहे. पुढील वर्षीं फिल्टर उघडावयास तो कदाचित् लागेल. आवळावयास मात्र नाहीं.