धामणीची अडलेली कात

जखमी सापाला ऊब लागते. ऊब दिली की हवा कोरडी होते आणि हवा कोरडी झाली की कात अडते. कात सुटावी म्हणून ओल वाढवावी, तर जखम चिघळते. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेल्या हिवाळ्यात मी हाच मेळ घालत बसले होते.

धामण जेमतेम चार फुटांची, म्हणजे वयाने लहानच. पूर्ण वाढलेली धामण सात-आठ फूट सहज भरते. बाजारामागच्या एका गोदामात उंदरांसाठी चिकट पाटी ठेवली होती. पाटीवर आधी उंदीर अडकला, उंदराच्या मागे ही आली आणि गळ्यापासून अर्ध्या अंगापर्यंत चिकटून बसली. मला फोन येईपर्यंत कुणीतरी तिला काठीने ओढून काढायचा प्रयत्न केला होता. उजव्या कुशीवरचा चार बोटं लांबीचा पट्टा सोलवटून पाटीवरच राहिला होता. पोटावरचे पाच-सहा खवलेही उचकटले होते. पोटावरचे हे रुंद आडवे खवले जमिनीला अडकवत साप पुढे सरकतो. ते गेले की त्याचं चालणंच अवघड होतं.

गोदामातल्या मुलाला मी वाटीभर शेंगदाण्याचं तेल आणायला सांगितलं. पाटी आणि अंग यांच्यामधल्या फटीत बोटाने थेंब थेंब तेल सोडायचं, डिंक सैल झाला की तेवढाच भाग उचलायचा आणि मोकळ्या झालेल्या पाटीवर लगेच वर्तमानपत्र चिकटवायचं, नाहीतर सुटलेलं अंग पुन्हा तिथेच चिकटतं. नाकपुड्या आणि तोंड मात्र तेलापासून जपायचं, कारण तेल श्वासात गेलं तर फुप्फुस जातं. धामण बिनविषारी असते, पण चिडली की मान फुगवते आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते. अनेकजण तिला नाग समजतात ते यामुळेच. ही मात्र गुरगुरत नव्हती, आणि मला त्याचीच काळजी वाटली.

पहिल्याच संध्याकाळी वनविभागाला कळवलं. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता, आणि ती हाती आली की 48 तासांत कळवायचं, असं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर धामण पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. चाळीतल्या पोरांनी सगळ्यात आधी विचारलं ते, "ताई, पाळलीस का?" नाही. आपल्याकडचा रानातला साप घरात पाळणं गुन्हा आहे. बरी होईपर्यंत सांभाळायची परवानगी होती, तेवढीच. म्हणून तिला नावही ठेवलं नाही.

उपचार परळला झाले. मुंबईत सापाला उपचारासाठी न्यायचं म्हटलं की माझी पावलं आपोआप परळकडे वळतात. बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तिथे 1883 पासून उभं आहे. त्याच्या आवारात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. जवळच हाफकिन संस्था आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष आणि परळ हे नातं मुंबईकरांना सांगावं लागत नाही. तिथे सापांवर काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1965 मध्ये काढलं. त्याची पिवळी पडलेली प्रत माझ्याकडे आहे. मी साप हाताळायला शिकले त्या वयस्कर सर्पमित्राने ती मला दिली.

डॉक्टरबाईंनी जखम सलाइनच्या पाण्याने धुतली, पातळ केलेलं आयोडीन लावलं, वर भाजल्यावर लावतात ते चांदीयुक्त मलम. प्रतिजैविकाचं इंजेक्शन त्यांनी अंगाच्या पुढच्या भागात दिलं. सापाच्या मागच्या अंगातलं रक्त मूत्रपिंडांतून फिरून पुढे जातं, त्यामुळे तिथे दिलेलं औषध वाया जाऊ शकतं आणि मूत्रपिंडांनाही त्रास होऊ शकतो. मग त्या म्हणाल्या, "जखम मी भरून आणीन. खरी परीक्षा पुढच्या कातीला आहे. जखमी साप कात लवकर टाकतो. तेव्हा हिला तुम्हीच सांभाळायचं आहे."

घरी माळ्याखालच्या कोपऱ्यात मोठा प्लास्टिकचा डबा ठेवला, झाकणाला गरम सळईने भोकं पाडली, तळाला कोरडं वर्तमानपत्र घातलं. वाळू किंवा माती चालत नाही, जखमेत जाते. एका टोकाला डब्याच्या बाहेरून दिवा लावला, म्हणजे त्या बाजूला 28 ते 30 अंश आणि दुसऱ्या बाजूला थोडं थंड. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, हवी तेव्हा ऊब घेतो आणि हवी तेव्हा सावलीत जातो. ही निवड त्याला देता आली पाहिजे. डब्यावर चादर टाकली. धामणीसारखा भेदरट साप मी दुसरा पाहिला नाही. माणूस दिसला की ती काचेवर, जाळीवर, झाकणावर तोंड घासत राहते आणि नाकाडावर नवी जखम करून घेते. त्यामुळे तिच्यासाठी सगळ्यात मोठं औषध अंधार होतं. आईने त्या कोपऱ्यातला रेडिओ हलवला आणि मिक्सर लावायचा तर बाहेर गॅलरीत न्यायची.

शेजारच्या आजोबांना धामणीची भीती नव्हती. ते गिरणीत होते, 1982 च्या संपापर्यंत. कापसाच्या गोदामात उंदीर असायचे, उंदरांमागे धामण असायची आणि जुने कामगार तिला मारू देत नसत, असं ते सांगत. गिरण्या बंद पडल्यावर वर्षानुवर्षं त्या आवारांत गवत माजलं, तिथे साप सुखाने राहिले. आता टॉवर उभे राहतात तसे ते गल्ल्यांत, गोदामांत, जिन्याखाली येतात. साप वाढलेत असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यांची जागा गेली आहे.

जखमेवर खपली धरली. मग एका सकाळी तिचा पिवळसर तपकिरी रंग राखाडी वाटला आणि दोन्ही डोळे तांदळाच्या धुवणासारखे गढूळ झाले.

जुन्या कातडीखाली आधी पूर्ण नवी कातडी तयार होते. मग दोन्हींच्या मध्ये द्रव भरतो, त्यामुळे जुनी कातडी सैल होते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि द्रव त्याखालीही भरतो, म्हणून डोळे गढूळ दिसतात. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो बिचकतो, खात नाही. त्याला हातही लावू नये, कारण खालची नवी कातडी अजून कोवळी असते आणि फाटते. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात, पाहणाऱ्याला वाटतं की झालं. पण खरी कात त्यानंतर येते. साप ओठ खरबरीत जागी घासतो, ओठांपाशी कातडी सुटते आणि तो तिच्यातून पुढे निघून जातो. कात उलटी होऊन मागे राहते.

हे सगळं निरोगी सापाचं. जखमेच्या जागी नवी कातडी, जुनी कातडी आणि खपली एकमेकांना चिकटलेली असतात. तिथे द्रव नीट भरत नाही. त्यातून मुंबईचा जानेवारी, रात्री गारठा, दुपारी कोरडा वारा, आणि वर आमचा दिवा. पावसाळा असता तर हवेनेच अर्धं काम केलं असतं.

सगळा डबा ओला करायचा नाही, यावर डॉक्टरबाई ठाम होत्या. ओल्या कागदावर पोट सतत राहिलं की खवल्यांखाली फोड येतात, ते कुजतात. म्हणून मी एक फुटका माठ आणला, त्याच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, आत नारळाचा धुतलेला काथ्या आणि आईच्या जुन्या सुती साडीचा ओला तुकडा घातला आणि तो थंड बाजूला पालथा घातला. बाहेर कोरडं, आत ओलसर. कधी आत जायचं ते तिने ठरवायचं. मातीचा माठ स्वतःही पाणी धरून ठेवतो, आतली ओल हळूहळू सुटते. ती पहिल्याच रात्री आत गेली. तोंड घासायला डब्यात एक खडबडीत वीटही ठेवली होती.

डोळे निवळले, कात सुरू झाली. ओठ, डोकं, मान इथपर्यंत सुरेख निघाली आणि कुशीवरच्या जखमेपाशी येऊन थांबली. तिथून पुढे तिचे तुकडे पडायला लागले. शेपटीजवळ जुन्या कातडीचं एक कडं तसंच राहिलं. कातडी वाळली की आवळते. शेपटीभोवती असं कडं राहिलं तर रक्त पोहोचत नाही आणि शेवटी शेपटीचं टोक झडतं. असे झडलेले साप मी पाहिले आहेत.

हात शिवशिवतात अशा वेळी. नखाने टोक पकडलं तर सरसर निघेल असं वाटतं. पण सुटलेली कात आणि न सुटलेली कात यांच्यातली सीमा डोळ्यांना दिसत नाही, आणि ओढलं तर कोवळी कातडीही सोबत येते. पसरट टबात कोमट पाणी घेतलं, तिच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंतच. तिला त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवलं आणि तेवढा वेळ मी समोरून हलले नाही. मग ओला टॉवेल हातांत सैल धरून तिला त्यातून सरपटू दिलं. पुढे जायचा जोर तिचा, घर्षण टॉवेलचं. माझं काम फक्त सैल धरायचं. शेपटीचं कडं दुसऱ्या दिवशी टॉवेलमध्ये राहिलं. जखमेवरचा भाग मी शिवलाही नाही. तो मलमाने मऊ पडत गेला आणि सावकाश सुटला.

उजव्या डोळ्यावरचा खवला मात्र तसाच राहिला. हे कसं कळलं? कातीचा डोक्याकडचा तुकडा उजेडासमोर धरला. डाव्या डोळ्याच्या जागी घड्याळाच्या छोट्या काचेसारखी गोल, पारदर्शक टोपी होती, उजव्या बाजूला भोक होतं. कात फेकायच्या आधी प्रत्येकाने हे पाहावं. चिमटा घेऊन हा खवला काढणाऱ्यांची मला भीती वाटते. खालचा नवा खवला निघाला तर डोळाच जातो. डॉक्टरबाईंनी डोळ्यात ओलावा ठेवणारं जेल दिलं आणि पुढच्या कातीपर्यंत थांबायला सांगितलं.

पुढची कात खरंच लवकर आली. माठ तयार होता, ती आपणहून आत गेली, आणि सकाळी काथ्यावर एकसंध कात पडलेली होती. डोक्यापाशी दोन्ही टोप्या शाबूत होत्या. कात धामणीपेक्षा बरीच लांब भरली. कारण कातडी प्रत्येक खवल्याच्या वर आणि घडीतही असते, उलगडली की ताणते. शेजारच्या काकूंनी ती तिजोरीत ठेवायला मागितली, लक्ष्मी टिकते म्हणून. त्यांना उजेडात धरून डोळ्यांच्या त्या दोन टोप्या दाखवल्या, त्या बराच वेळ बघत राहिल्या. कात डॉक्टरबाईंकडे गेली. जखमेच्या जागी खवले आता वेडेवाकडे आहेत, तसेच राहतील. चालायला अडचण नाही.

तेव्हाच दादरचा एक मुलगा आपल्या बॉल पायथनची अडलेली कात घेऊन माझ्याकडे आला. पश्चिम आफ्रिकेतला हा अजगर मुंबईत आता बऱ्याच घरांत आहे. विदेशी साप बाळगायचा तर त्याची नोंदणी करावी लागते, हे त्याला सांगितलं. बाकी उपाय तोच, ओलसर आडोसा, कोमट पाणी आणि ओढाओढ नाही. आमच्या धामणीला मात्र तसल्या डब्यात आयुष्य काढायचं नव्हतं. ती उंदीर खायला लागली, तेही बाहेरचे नाहीत, कारण लालबागच्या उंदरांच्या पोटात विष असू शकतं. मग डॉक्टरबाईंचा दाखला घेऊन वनविभागाच्या कर्मचाऱ्यांनी ठरवलेल्या जागी आम्ही तिला सोडलं. पिशवीचं तोंड उघडताच ती निघून गेली.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. चिकट पाटीवर साप, पाल, पक्षी, काहीही अडकलेलं दिसलं तर ओढू नका, रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. वर टोपली उपडी घालून अंधार करा, पोरांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. साप ओळखता येत नसेल तर तेल लावायलाही जवळ जाऊ नका, ते काम येणाऱ्या माणसाचं. आणि या पाट्या दुकानात, गोदामात, घरात लावणंच बंद करा. उंदरांसाठी पिंजरा मिळतो. तो लावा.