मिनीचे इंजिन आणि 'अस्सल' या शब्दाचा अर्थ

१/ इतिहासाची साधने म्हटली की डोळ्यांसमोर कागदपत्रे, नाणी, शिलालेख येतात. बंद पडलेले इंजिन कोणाच्या मनात येत नाही; माझ्याही आले नव्हते. गेल्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅममधल्या एका पावसाळी सकाळी ते साधन माझ्यापुढे आले. हा धागा त्याविषयी.

२/ मी येथे इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी राहते. घरमालक आजोबा लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची १९६०च्या दशकातली मिनी त्या सकाळी सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल पोहोचत होते. इंजिन मात्र पेट घेत नव्हते. स्पार्क प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून पाहिला, तर ठिणगी अगदीच मरतुकडी.

३/ मग डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडले. कॉइलकडून येणारी वीज चार सिलिंडरांना १-३-४-२ या क्रमाने वाटून देणारा हा भाग. झाकणाच्या आत ओल धरली होती आणि दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ उमटली होती. वीज प्लगकडे न जाता त्या रेघेतून निसटत होती. "कित्येक वर्षे झाकण बदलले नाही, चूक माझीच," आजोबा म्हणाले. नवे झाकण बसवले आणि इंजिन सुरू झाले. मला मात्र प्रश्न पडला : इतका नाजूक भाग पुढच्या जाळीच्या थेट मागे, पावसाच्या माऱ्यात ठेवला कशासाठी?

४/ उत्तरासाठी सुवेझपर्यंत जावे लागते. जुलै १९५६ मध्ये नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. पुढच्या संघर्षात कालवा बंद झाला आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी ॲलेक इसिगोनिस यांच्यावर छोटी, काटकसरी मोटार घडवण्याचे काम सोपवले. इंजिन मात्र कंपनीकडे आधीच असलेले वापरायचे होते.

५/ जेमतेम १० फूट लांबीत चार माणसे बसवायची, म्हणून इसिगोनिस यांनी इंजिन आडवे ठेवले आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला. सुरुवातीच्या नमुन्यांत कार्ब्युरेटर पुढच्या बाजूला होता. उत्पादनापूर्वी अख्खे इंजिन अर्धा वळसा फिरवण्यात आले. थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरत असे, हे त्याचे एक नेहमी सांगितले जाणारे कारण. कार्ब्युरेटर मागे उबेला गेला. डिस्ट्रिब्यूटर पुढे पावसात आला.

६/ २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी लोकांसमोर आली. पावसात ठिणगी भिजू लागली, तेव्हा मालकांनी डिस्ट्रिब्यूटरवर रबरी हातमोजा चढवण्याची युक्ती काढली. चार तारा सिलिंडरांच्या, पाचवी कॉइलची. मोज्याला बोटेही पाचच! एका अडचणीवरचा उपाय दुसऱ्या अडचणीला जन्म देतो, याचे इतके नेटके उदाहरण मला दफ्तरखान्यात सापडले नव्हते.

७/ खरा पेच पुढेच होता. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट झिजले होते. प्रत्येक ठिणगीला ही दोन टोके विलग होतात आणि त्यांच्यातली फट ०.०१५ इंच असावी लागते. आजोबांचे हात आता थरथरतात. फीलर गेजची पाती फटीत जात नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे त्यांनी ठरवले. मी विरोध केला. राजवाड्यांनी अस्सल कागदांचा जो आग्रह धरला, त्या परंपरेत मी शिकले. अस्सल वस्तूत फेरफार मला पाप वाटे. "फट मी जुळवून देत जाईन," मी म्हणाले. "आणि सप्टेंबरात तू परत गेल्यावर?" त्यांनी शांतपणे विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

८/ त्या रात्री मी या इंजिनाची वंशावळ मांडली. १९५१ साली ऑस्टिन ए-३० साठी ८०३ घनसेंटिमीटर. १९५६ मध्ये ९४८. मिनीसाठी पुन्हा कमी करून ८४८. १९६१ मध्ये रेसिंग मोटारी बांधणारे जॉन कूपर यांच्या सहभागाने ९९७ आणि दोन कार्ब्युरेटर. शक्ती ३४ वरून ५५ अश्वशक्तीवर गेली. पुढे १२७५. माँटे कार्लो रॅली मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली, ती अशाच बदललेल्या इंजिनांच्या बळावर. यांतले अस्सल कोणते म्हणायचे? हे इंजिन बदलत राहिले, म्हणूनच २००० सालापर्यंत मिनीत टिकले.

९/ पुढच्या रविवारी आम्ही तो बदल केला. जुने पॉइंट आणि रेघ पडलेले झाकण बिस्किटांच्या डब्यात ठेवले. काय काढले, काय बसवले, कोणत्या तारखेला आणि कशासाठी, हे मी चिठ्ठीवर लिहिले. खाली आजोबांनी थरथरत्या हाताने सही केली. ती चिठ्ठी आज माझ्या लेखी अस्सल कागद आहे. फेरफाराची मला आता भीती वाटत नाही; नोंद न ठेवलेल्या फेरफाराची वाटते.

१०/ मित्रहो, तुमच्या घरीही एखादे शिवणयंत्र, रेडिओ किंवा स्कूटर असेल. त्यातला कोणता भाग कोणी, केव्हा आणि का बदलला, हे सांगणारे माणूस हयात असेल, तर या रविवारी त्याच्यापाशी वही घेऊन बसा.