काकडा

“अंग काकडवू नका,” परवा पहाटे योगवर्गात बाई म्हणाल्या. गच्चीवरची फरशी चटईतूनही गार लागत होती आणि आम्ही सगळे खांदे कानांपर्यंत ओढून बसलो होतो. मी खांदे सैल सोडले, पण शब्द सुटेना. थंडीनं आखडणं ते काकडणं. आणि देवापुढं पेटवायची पिळलेली चिंधी तो काकडा. मला हे दोन्ही शब्द एकाच पहाटेचे वाटतात.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याकडच्या आमच्या गावी जायचो, तेव्हा देवळात काकडा चाललेला असे. कोजागरीला सुरू झालेला, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज. आजोबा पखवाज वाजवत. चारच्या सुमारास आजी गोधडीचं टोक उचलून एवढंच म्हणायची, “कणीक मळायचीय ना गं?” आणि मी उठायची. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला, ओली कणीक लावतात. ती मळणं माझं काम. कमी पडली तर आवाज कोरडा, जास्त झाली तर बसका. आजोबा कणीक थापत, एक थाप देत, मान तिरकी करून ऐकत. “जरा पाणी लाव अजून.” मी बोटं बुडवायची. पाणी इतकं गार, की बोटांची टोकं माझी उरायची नाहीत. मग त्यांच्या मनाजोगता घुमारा उठायचा. तो मला कानाआधी पोटात ऐकू यायचा.

कानटोप्या, उपरणी, तोंडातून निघणारी वाफ. जुन्या धोतराच्या पट्ट्या पिळून तुपात भिजवलेला काकडा पेटायचा. तुपात जळणाऱ्या सुती कापडाच्या त्या वासापुढं मला एकही उदबत्ती आवडलेली नाही. पहिल्या अभंगाला घोगरे असलेले गळे तिसऱ्यापर्यंत मोकळे होत. गौळणी सुरू होईपर्यंत दाराच्या चौकटीत आभाळ फिकट झालेलं असे.

अशा पहाटेलाच ब्राह्ममुहूर्त म्हणतात, म्हणजे रात्रीच्या पंधरा मुहूर्तांतला चौदावा. सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी लागतो, ४८ मिनिटं टिकतो. पुण्यात जानेवारीत तो साडेपाचला येतो, जूनमध्ये साडेचारच्याही आधी. बारा महिने एकाच वेळेचा गजर लावणं मला म्हणून पटत नाही. सूर्य सरकतो, तसं आपणही सरकावं.

पहाटे रिकाम्या पोटी उड्डियान करताना मला स्वामी कुवलयानंद आठवतात. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारणाऱ्या या माणसानं साधनेला क्ष-किरणांपुढं नेलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून पाहिलं. आत तयार होणाऱ्या त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. गुरूचं नाव पोकळीला! यापेक्षा सुंदर गुरुदक्षिणा मला ठाऊक नाही. उड्डियानात श्वास बाहेर सोडून पोट आत ओढते, तेव्हा पखवाजाचं लाकडी खोड आठवतं. तेही आतून पोकळच.

काकडा संपला की आजोबा धुमेवरची कणीक नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवत. थापा खाऊन ती मऊ, कोमट झालेली असे. आजी म्हणायची, ती टाकायची नाही. तुळशीच्या कट्ट्यावर मी तिचे बारीक गोळे मांडून ठेवायची, आणि उन्हं येईपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असायची.